ग्राफिक कार्ड नाही, पण कोडमधून हलती चित्रं काढायची आहेत: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सातपूरला राहते. ब्राउझरमध्ये चालणारी, माउस फिरवला की बदलणारी चित्रं बघून वेड लागलंय. डेमोसीनबद्दलही, म्हणजे कोडमधून हलती चित्रं आणि संगीत घडवून दाखवणाऱ्यांच्या जगाबद्दलही, थोडं वाचलं. पण शेडरचा, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड उघडला की ओ की ठो कळत नाही. लॅपटॉप ८ जीबीचा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. वर्गातले म्हणतात हा टाइमपास आहे, प्लेसमेंटचं बघ. लॅपटॉप बदलू का? सुरुवात कुठून करू? आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये असं काही मांडायचं असेल तर काय काळजी घ्यायची?

उत्तर:

लॅपटॉप अजिबात बदलू नकोस. घरच्यांचे पैसे वाचतील हे चांगलंच, पण माझं कारण वेगळं आहे. तुला जिचं वेड लागलंय ती कलाच अपुऱ्या मशीनवर जन्मली आणि अपुऱ्या मशीनवरच ती मुळापासून शिकता येते. मी नाशिकमध्ये राहून बरीच वर्षं हेच काम करतोय: प्रदर्शनातल्या स्टॉलवर हात हलवला की हलणारे पडदे, अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी ब्राउझरमध्ये फिरवून बघता येणारी यंत्रांची मॉडेल्स, गणेशोत्सवात ढोलाच्या ठोक्यावर उमटणारी चित्रं. चांगलं ग्राफिक कार्ड असलेल्या मुलांचं काम मी पुष्कळ पाहतो. त्यांचं पहिलं चित्र झकास दिसतं आणि दुसरं अडतं, कारण पहिलं का चाललं हे त्यांना शोधावंच लागलेलं नसतं.

एक उदाहरण खोलात जाऊन सांगतो. १९८४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात अमिगा हा अजून बाजारात न आलेला कॉम्प्युटर मोजक्या लोकांना दाखवला गेला. पडद्यावर लाल-पांढऱ्या चौकटींचा एक भलामोठा चेंडू स्वतःभोवती फिरत टप्पे खात होता. आर. जे. मिकल आणि डेल लक या दोघांनी तो प्रदर्शनाच्या त्या दिवसांतच लिहिला. त्या काळच्या मशीनवर एवढा चेंडू दर फ्रेमला नव्याने काढणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी तो फिरवलाच नाही. चेंडूचं चित्र मेमरीत एकदाच काढलं, त्यावरच्या उभ्या पट्ट्यांना रंगांचे वेगवेगळे क्रमांक दिले आणि दर फ्रेमला रंगांच्या तक्त्यातले लाल आणि पांढरे तेवढे एक घर पुढे सरकवले. चित्राचा एकही पिक्सेल बदलत नाही, तरी बघणाऱ्याला चेंडू फिरताना दिसतो. टप्प्याचंही तसंच. चेंडू उचलून दुसरीकडे काढण्याऐवजी हार्डवेअरला सांगितलं, की चित्र आता थोडं वरून दाखव, आता थोडं खालून. प्रोसेसर जवळजवळ रिकामाच. आज कोणी मला विचारलं की डेमो म्हणजे काय, तर मी हा चेंडू दाखवतो. यंत्राकडून जे होणार नाही असं सगळे धरून चालतात ते डोळ्यांसमोर, त्याच क्षणी घडवून दाखवायचं.

डेमोसीन वाढला तो युरोपात, ऐंशीच्या दशकात. आधी कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर आणि नंतर अमिगावर. गेमची कॉपी-बंदीची कुलपं तोडणारी पोरं गेम सुरू होण्याआधी आपल्या ग्रुपचं नाव, सरकती अक्षरं, छोटंसं संगीत लावायची. हळूहळू गेम बाजूला पडला आणि ते सुरुवातीचं चित्रच स्पर्धेचा विषय झालं. फिनलंडमधला असेंब्ली हा मेळावा १९९२ला सुरू झाला. पुढच्याच वर्षी तिथे फ्यूचर क्रू या ग्रुपचा डेमो 'सेकंड रिअ‍ॅलिटी' पहिला आला आणि साध्या पीसीवर काय होऊ शकतं याची कल्पनाच बदलली. त्याचा सोर्स कोड २०१३मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, तोही कधीतरी चाळ. आकाराचं बंधन घालून होणाऱ्या स्पर्धा माझ्या विशेष आवडीच्या: पूर्ण प्रोग्राम, चित्र आणि संगीतासकट, ६४ किलोबाइटमध्ये किंवा ४ किलोबाइटमध्ये. ४ किलोबाइट म्हणजे ४,०९६ बाइट. मोबाइलमधला २ एमबीचा एक फोटो घेतलास तर त्याच्या जागेत असे ५०० प्रोग्राम मावतील. २००९मध्ये जर्मनीतल्या ब्रेकपॉइंट मेळाव्यात 'एलिव्हेटेड' नावाचा असा ४ किलोबाइटचा डेमो आला. बर्फाचे डोंगर, तळी, उतरतं ऊन, वरून फिरणारा कॅमेरा, सोबत संगीत. त्या फाइलीत एकाही डोंगराचं चित्र नाही. डोंगर कसा काढायचा याचं गणित तेवढं आहे, आणि डोंगर तुझ्या मशीनवर तयार होतो. फिनलंडने २०२०मध्ये आणि जर्मनीने २०२१मध्ये डेमोसीनला आपापल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. वर्गातल्या मित्रांना हे जरूर सांग.

आणि टाइमपासचा विषय निघालाच आहे तर आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचं काम आठव. १९१३चा पहिला चित्रपट सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आधी, १९१२मध्ये, त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याचं एकेक चौकट करत चित्रीकरण केलं आणि अंकुराचं रोप होताना पडद्यावर दाखवलं. पैसा लावणाऱ्याला पटवायला त्यांच्याकडे तेवढंच होतं. 'अंकुराची वाढ' दाखवली आणि पैसा उभा राहिला. नाशिक जिल्ह्यातल्या मुलीला डेमोचं महत्त्व पटवायला मला युरोपात जायची खरं तर गरजच नव्हती.

आता शेडर. तुला कोड कळत नाही याचं कारण तुझी बुद्धी नाही. आजवर तू जे प्रोग्राम लिहिलेस त्यात हुकूम सोडलेस: इथे वर्तुळ काढ, तिथे रेघ मार. शेडरमध्ये हुकूम सोडणारं कोणी नसतं. शाळेच्या मैदानावर हजार मुलं हातात रंगीत पुठ्ठे घेऊन बसतात आणि लांबून तिरंगा दिसतो, तसं आहे हे. एकाही मुलाला पूर्ण चित्र दिसत नाही. त्याला ठाऊक असतं ते एवढंच: मी कितव्या रांगेत, कितव्या जागेवर आणि आता कितवा इशारा झाला. तुझा कोड त्या एका मुलासाठी लिहिलेला असतो, आणि तोच कोड सगळ्यांना एकाच वेळी दिला जातो. शेजारच्याने कोणता पुठ्ठा उचलला हेही त्याला विचारता येत नाही. शेडर वाचताना स्वतःला तो एक पिक्सेल समज आणि मग ओळी वाच.

शेडरटॉय ही साइट उघड. इनिगो किलेझ आणि पोल जेरेमियास यांनी ती २०१३मध्ये सुरू केली, आणि 'एलिव्हेटेड' करणाऱ्यांतला हा किलेझच. तिथले गाजलेले शेडर आत्ता उघडू नकोस. कोरं पान घे आणि एकच गोष्ट बनव: पाण्यावरचे तरंग. सगळा रस्ता सांगतो, कारण हा एक नीट झाला की पुढचं निम्मं काम झालं.

पिक्सेल म्हणून आपली आडवी जागा शून्य ते एक या मापात घे आणि ती तशीच लाल रंग म्हणून दे. डावीकडे काळं, उजवीकडे लाल, मधे सगळ्या छटा. हा पूर्ण शेडर आहे. पुढे जायची घाई न करता तो बघ, कारण जागा आणि रंग ही एकच गोष्ट झालेली तुला इथे पहिल्यांदा दिसते. मग शून्य मध्यभागी आण, म्हणजे दोन्ही मापांतून अर्धा वजा कर. आडव्या मापाला पडद्याच्या रुंदी-उंचीच्या गुणोत्तराने गूण, नेहमीच्या पडद्यावर ते १.७८ च्या आसपास असतं. हे राहिलं तर तुझी सगळी वर्तुळं अंड्यासारखी येतील. आता मध्यापासूनचं अंतर काढ आणि तेच करडा रंग म्हणून दाखव: मधे काळोख, कडेला उजेड. त्या अंतराला ४०ने गूण आणि त्याचा साइन घे. कडी उमटतील, पण काळे पट्टे जास्त जाड दिसतील, कारण साइन उणे एकपर्यंत जातो आणि उणे रंग काळाच दिसतो. अर्ध्याने गुणून अर्धा मिळव, पट्टे सारखे होतात. साइनच्या आतून वेळ वजा कर, तिप्पट करून. कडी बाहेर धावू लागतात. वजाच्या जागी अधिक कर, आत धावतात. असं का होतं ते कागदावर एकदा सोडव, दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढे कित्येक वेळा हेच चिन्ह तुला अडवणार आहे.

मग मध्याच्या जागी माउसची जागा घाल. चित्र हाताला लागलं. लांबच्या लाटा मंद व्हाव्यात म्हणून साइनला ई-च्या (उणे तीन गुणिले अंतर) एवढ्या घाताने गूण. यानंतर दुसरा केंद्रबिंदू घे, त्याच्या लाटा वेगळ्या काढ आणि दोन्हींची फक्त बेरीज कर. संध्याकाळी गंगापूर धरणावर दोन होड्यांच्या लाटा एकमेकींतून आरपार जाताना पाहिल्या असतील. पडद्यावर तेच दिसेल, शिवाय पाण्यात सहसा नजरेला न येणारी एक गोष्टही: जिथे एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर येतो तिथे पाणी स्थिर राहतं, आणि अशा स्थिर जागांच्या रेघा पंख्यासारख्या पसरतात. बारावीच्या फिजिक्समध्ये दोन फटींच्या प्रयोगाची आकृती पाठ केली असशील. आता ४०चा आकडा हळूहळू वाढव आणि त्या रेघा दाटताना बघ. मला या कामाचा खरा आनंद इथे मिळतो, आजही. आकडा बदलला आणि त्याच क्षणी डोळ्याला फरक कळला, यात मधे काहीच नसतं. सूत्र पाठ करण्याची गरज संपते, कारण ते कसं वागतं हे तू पाहिलेलं असतं.

म्हणूनच एआयकडून तयार शेडर लिहून घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. न कळलेली ओळ समजून घ्यायला जरूर विचार, चूक शोधायलाही विचार. पण आकडे तुझ्या हातांनी फिरव. ४०, ३, उणे ३ हे आकडे म्हणजेच तुझं चित्र.

तरंग झाले की नॉइजकडे, म्हणजे गणिताने तयार केलेल्या मऊ, अनियमित चढ-उतारांकडे, वळ. कॉम्प्युटरची चित्रं फार गुळगुळीत, फार यांत्रिक दिसतात या त्रासातून केन पर्लिन यांनी १९८३मध्ये तो शोधला, आणि त्यासाठी १९९७मध्ये त्यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ढग, संगमरवर, धूर, माती, सगळीकडे तो लागतो. रे मार्चिंग, म्हणजे शेडरमध्ये त्रिमितीय वस्तू काढायची पद्धत, त्यानंतर. तोवर थांब.

शेडरच्या जोडीला पी५.जेएसही शिक, कारण सगळंच पिक्सेलच्या बाजूने लिहायची गरज नसते. प्रोसेसिंग ही भाषा केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१मध्ये एमआयटीत सुरू केली, चित्रकारांना आणि विद्यार्थ्यांना कोड हातात घेता यावा म्हणून. लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३मध्ये तिचंच ब्राउझरमधलं रूप आणलं, तेच पी५.जेएस. काही इन्स्टॉल करायचं नाही, मोबाइलवरही चालतं. डॅनियल शिफमन यांचे व्हिडिओ सोबतीला ठेव, शिकवण्यात त्यांच्याइतका उत्साह मी क्वचित पाहिलाय.

पी५मध्ये पहिलं काम मी रांगोळीचं देतो. कॅनव्हासचे चौकोन पाड. प्रत्येक चौकोनात दोन पाव-वर्तुळं काढ, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांभोवती, अशी की ती बाजूंच्या बरोबर मध्यावर येऊन टेकतील. चौकोन दोनच तऱ्हांनी बसू शकतो, सरळ किंवा ९० अंशांत फिरवलेला. कुठला कसा बसेल ते नाण्याच्या छाप्या-काट्यावर सोड. रेघा नेहमी बाजूच्या मध्यावरच संपतात, त्यामुळे कसाही बसवला तरी शेजाऱ्याशी जोड जुळतोच, आणि पडद्यावर लांबच लांब वळणारी, मधेच स्वतःत मिटणारी रेघ तयार होते. ठिपक्यांभोवती फिरणारी रांगोळी जिने अंगणात काढली आहे तिला हे लगेच ओळखीचं वाटतं. सेबास्तियाँ त्रुशे या फ्रेंच धर्मगुरूने अशा फरश्यांच्या जुळणीचा अभ्यास १७०४मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याच्या फरश्या तिरप्या कापलेल्या होत्या, पाव-वर्तुळांचं रूप विसाव्या शतकातलं. आता माउस ज्या चौकोनावर जाईल तो ९० अंशांत वळव, झटक्यात न वळवता पाव सेकंदात हळू सुरू होऊन हळू थांबेल असा. एका चौकोनाच्या वळण्याने मिटलेली रेघ उघडते, दोन वेगळ्या रेघा एक होतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी यापुढे एकच प्रश्न घालतो: नाण्याच्या जागी कोणता नियम ठेवलास तर गुढीपाडव्याला पाडवा पटांगणावरच्या महारांगोळीसारखी चारही बाजूंनी सारखी आकृती येईल? उत्तर सोपं आहे, पण ते स्वतः सापडायला हवं.

आवाजाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण नाशिकमध्ये राहून ढोल सोडायचा म्हणजे हातचं घालवायचं. गणपतीच्या आधी संध्याकाळी पथकांचे सराव सुरू होतात. लॅपटॉप घेऊन जा, वादकांना विचारून बाजूला बस आणि माइकचा आवाज पी५मध्ये घे. पहिल्यांदा जे होईल त्याने तू गोंधळशील: ढोल दणाणत असेल आणि पडद्यावरची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी थोडी उसळून खाली बसेल. ब्राउझर माइक घेताना सहसा तीन गोष्टी आपणहून चालू ठेवतो: प्रतिध्वनी घालवणं, गोंगाट दाबणं आणि आवाजाची पातळी आपोआप सांभाळणं. बैठकीतल्या माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून हे केलेलं आहे, आणि त्याच्या हिशेबाने ढोल हा निव्वळ गोंगाट. माइक मागताना या तिन्ही गोष्टी बंद करायला सांग. एवढ्या एका बदलाने चित्रात जीव येतो.

पुढे आवाजाचे खालच्या-वरच्या स्वरांनुसार पट्टे करायचे. ४४,१०० हर्ट्झला १,०२४ नमुन्यांचा एफएफटी (आवाजातल्या कंपनसंख्या वेगळ्या करायची पद्धत) घेतलास तर प्रत्येक पट्टा साधारण ४३ हर्ट्झचा पडतो आणि खिडकी, म्हणजे एका वेळी तपासला जाणारा आवाजाचा तुकडा, २३ मिलिसेकंदांची. ढोलाचा थापेचा घुमारा पहिल्या तीन-चार पट्ट्यांत सापडतो, ताशाची कडकड बरीच वर. दोन्ही वेगळे घे. ढोलावर जड गोष्टी चालव, म्हणजे पूर्ण चित्राचा आकार, लाटेचा जन्म. ताशावर बारीक चमक, कडांची थरथर. पण नुसती पातळी मोजून भागत नाही. एक ढोल असेल तोवर ती खाली-वर होते, पूर्ण पथक वाजायला लागलं की ती वरच चिकटून बसते आणि चित्र गोठतं. म्हणून आत्ताच्या फ्रेममधली ताकद आणि आधीच्या काही फ्रेमची सरासरी यांतला फरक बघ. फरक एकदम वाढला तर ठोका पडला. ठोका मोजल्यावर दहावा भाग सेकंद नवा ठोका मोजू नकोस, नाहीतर एकाच थापेचे तीन मोजशील. ताशाला मात्र हे अंतर कमी ठेव, त्याचे ठोके फार जवळ असतात. हे आकडे मी सांगतोय तसेच ठेवू नकोस. प्रत्येक पथकाचा हात वेगळा आणि मैदानही वेगळं. शेजारी इमारतीची भिंत असली तर प्रतिध्वनीमुळे सगळं बदलतं.

आता तुझा लॅपटॉप. हिशेब असा आहे: १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा. तुझा शेडर सेकंदाला साधारण साडेबारा कोटी वेळा चालतो, आणि प्रत्येक फ्रेमला १६ मिलिसेकंदांच्या थोडं वर वेळ मिळतो. प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्सही एवढं करू शकतं, पण त्यात उधळपट्टी चालत नाही. पहिला उपाय सर्वांत मोठा: चित्र निम्म्या रुंदी-उंचीत काढ आणि पडद्यावर ताणून दाखव. पिक्सेल एक चतुर्थांश, म्हणजे ५,१८,४०० होतात, आणि हलत्या, मऊ चित्रात फरक फारसा कळत नाही. दुसरा: जे सगळ्या पिक्सेलसाठी सारखंच आहे ते शेडरमध्ये मोजू नकोस, बाहेर एकदा मोजून आत पाठव. तिसरा: नॉइजचे थर आठ असतील तर चार करून बघ. कित्येकदा चारच सुंदर दिसतात. जिथे फ्रेम अडते तिथे एकेक ओळ बंद करून वेळ बघायची सवय लाव. महागड्या कार्डवर शिकणाऱ्याला ही सवय लागत नाही आणि मग त्याचं काम ग्राहकाच्या साध्या मशीनवर धापा टाकतं.

करिअरचं थोडक्यात. डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) कर, प्लेसमेंटची तयारी कर, मी त्याच्या आड येत नाही. पण हा छंद निरुपयोगी नाही याची उदाहरणं उघड आहेत. फ्यूचर क्रूमधल्या मंडळींनी १९९५मध्ये रेमेडी ही गेम कंपनी काढली. ब्राउझरमधल्या त्रिमितीसाठी आज जगभर वापरली जाणारी थ्री.जेएस ही लायब्ररी रिकार्डो काबेयो या डेमोसीनमधल्याच माणसाने २०१०मध्ये आणली. किलेझ पुढे पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करून आला. आणि इथल्या पातळीवर बोलायचं तर ज्याला यंत्राचं मॉडेल ब्राउझरमध्ये सुरळीत फिरवून दाखवता येतं त्याला काम शोधत पुण्या-मुंबईला जायलाच हवं असं नाही. मुलाखतीला गेलीस तर रिझ्युमेवर लिंक दे. समोरच्याने माउस फिरवला आणि चित्राने उत्तर दिलं की पुढचे प्रश्न वेगळे येतात.

दर ईस्टरला जर्मनीत झारब्रुकनला होणारा रिव्हिजन हा मेळावा इंटरनेटवर थेट दिसतो. काही स्पर्धा आपल्याकडे मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात, तरी जागून एकदा शेडर शोडाउन बघच. दोघं समोरासमोर, कोरा पडदा, २५ मिनिटं, गाणं चालू, आणि कोड लिहिता लिहिता चित्र मागे उमटत जातं. हात कुठे थांबतात, कुठला आकडा आधी बदलतात, हे बघण्यासारखं असतं.

शेवटचा मुद्दा फेस्टचा. स्टॉलला तरंगांचं चित्र ने, वेबकॅमसमोर माणूस हलला की लाट उठेल असं. हाताचे २१ बिंदू ओळखणारं मीडियापाइप वगैरे आहे, पण तुझ्या लॅपटॉपला शेडरबरोबर ते जड जाईल. कॅमेऱ्याचं चित्र ६४ गुणिले ४८ इतकं लहान कर, आधीच्या फ्रेममधून वजा कर, फरक जिथे जास्त तिथे हालचाल. स्टॉलला तेवढं पुरतं. कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटवायला विसरू नकोस, नाहीतर माणूस उजवा हात हलवेल, लाट डावीकडे उठेल आणि तो दोन सेकंदांत पुढे जाईल. वेबकॅमचा आपोआप उजेड सांभाळण्याचा पर्याय बंद करता आला तर कर. पडदा उजळला की कॅमेरा सगळं चित्र अंधारं करतो आणि तुझ्या कोडला वाटतं अख्खी खोली हलली.

दिवसाउजेडी कॉरिडॉरमध्ये प्रोजेक्टर फिका पडतो, कॉलेजचा मोठा टीव्ही मिळवता आला तर तो घे आणि त्यात गेम मोड चालू कर. एरवी टीव्ही चित्र सुधारायच्या नादात प्रत्येक फ्रेम अडवून ठेवतो, आणि कॅमेऱ्याची एक फ्रेमच मुळात ३३ मिलिसेकंदांची असते. हे सगळं मिळून सेकंदाच्या दहाव्या भागापलीकडे गेलं की हात आणि लाट यांचं नातं तुटतं. लोकांना वाटतं पडद्यावर व्हिडिओ चालू आहे. 'इथे हात हलवा' असा फलक लावावा लागला तर उशीर कमी करायला अजून जागा आहे असं समज. समोरून कोणी नुसतं चालत गेलं तरी त्याच्या बरोबरीने लाट चालली पाहिजे, मग तो आपणच थांबतो. कोणीच नसेल तेव्हा चित्र पूर्ण मरू देऊ नकोस, मधूनमधून एखादा थेंब आपोआप पडू दे.

लॅपटॉप चार्जरवर ठेव, बॅटरीवर वेग कमी होतो. पडदा झोपणं, अपडेट, नोटिफिकेशन बंद. आणि आदल्या दिवशी घरी पाच-सहा तास सलग चालवून बघ. फ्रेम हळूहळू मंदावत गेल्या तर कुठल्यातरी यादीत भर पडतेय आणि तिच्यातून काही काढलं जात नाहीये. अशा चित्रात ते बहुतेक वेळा विझून गेलेल्या लाटांचे केंद्रबिंदू असतात. लाटेची ताकद शंभराव्या भागाखाली गेली की तिला यादीतून काढून टाक, आणि एका वेळी वीसच्या वर लाटा ठेवू नकोस. तुझ्या लॅपटॉपला तेवढ्या झेपतील.